यवनमामा आणि पाचवी चिठ्ठी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात गुलाबाची फुलं देत होते. अभ्यासिकेत बसून परीक्षा दिलेल्या काही मुलामुलींना नोकऱ्या लागल्या होत्या, त्यांचा छोटासा सत्कार ठेवला होता. चिटणीस म्हणून फुलं द्यायचं काम माझ्याकडे. तेवढ्यात मामेभावाचा, सुभाषचा फोन आला. "ताई, दादा गेले गं. सकाळी चहा प्यायले, म्हणाले जरा पडतो... आणि उठलेच नाहीत." मी म्हटलं, "निघाले मी." फोन ठेवला, आणि निघाले नाही. अजून तिघं रांगेत उभे होते. त्यांना तीन फुलं दिली, फोटोसाठी हसून उभी राहिले, आणि मग पर्स उचलली.

दोन महिने होत आले, पण ती तीन फुलं डोळ्यांपुढून जात नाहीत. ते सभागृह एके काळी दर रविवारी सकाळी माझ्या मामांचं असायचं, आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्यात माझा हात होता. अगदी नेमकं सांगायचं तर माझी एक चिठ्ठी होती. मामा असेपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांना तर मी त्याच्या बरोबर उलटं सांगितलं होतं.

एकनाथ काकड हे त्यांचं नाव. मखमलाबादकडे आमच्या आजोळची फुलशेती, गुलाब, झेंडू, शेवंती. घरातले सगळे फुलांत, मामा मात्र मॅट्रिक होऊन पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियरांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर शाईनं हुबेहूब उतरवायचे, हे काम. नोकरीची पहिली बरीच वर्षं इगतपुरीकडच्या एका धरणावर गेली. तिथला पावसाळा म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत, कागद सादळतात, शाई फुटते, सगळं काम ठप्प. अशाच एका पावसाळ्यात विश्रामगृहाच्या कपाटात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. आत चित्रं होती... खांबांची देवळं, लाल-काळ्या रंगाचे रांजण, रांजणांवर घोडे आणि द्राक्षाचे वेल. मामांचं इंग्रजी बेताचंच. पण एका पानावर ते थबकले. "नंदे, त्या पानावर सगळे माझे कोन!" असं ते ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायचे. अल्फा, बीटा, थीटा... नकाशातल्या कोनांना नावं द्यायला जी अक्षरं ते रोज गिरवत होते, ती कुणाची तरी बाराखडी होती. तिच्यात कुणी आईला हाक मारली होती, कुणी शेजाऱ्याशी भांडलं होतं, कुणी मेलेल्या लेकराचं नाव दगडावर कोरलं होतं. मामांना त्याची जणू लाजच वाटली. "इतकी वर्षं लोकांची अक्षरं वापरली आणि लोक कोण ते इचारलंच नाय," असं म्हणत त्यांनी शब्दकोश उशाशी घेऊन वाचायला सुरुवात केली, ती पन्नास वर्षं चालली.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. दिवाळीच्या सुटीत आजोळी सगळ्या पोरांना झेंडू तोडायला लावायचे. मामा रजेवर आलेले, माझ्या शेजारच्या सरीत. तोडता तोडता म्हणाले, "अशीच एक पोरगी फुलं तोडीत होती. एक फूल जरा येगळं दिसलं म्हणून तिनं हात लांब केला, तशी जमीन फाटली. खालून पाताळाचा राजा रथात बसून वर आला, आन् तिला उचलून घेऊन गेला." मी टोपली टाकून बांधावर पळाले. मामी तिकडून ओरडल्या, "पोरले भ्या नका दखाडू!" मामी सटाण्याकडच्या, त्यांच्या बोलण्यात अहिराणी आजही डोकावते. त्या दिवशी मामांनी मला बांधावर बसवून पुढची गोष्ट सांगितली. त्या मुलीची आई देमेतर, धान्याची देवी. लेकीला शोधत ती रानोमाळ फिरली, आणि लेक परत मिळेपर्यंत जमिनीतून एक दाणा वर येऊ द्यायचा नाही असं ठरवून बसली. माणसं उपाशी, देवांना नैवेद्य नाही, शेवटी देव नमले. पण लेकीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, त्यामुळे वर्षातले काही महिने तिला तिकडे जावंच लागतं. तेवढे महिने आई कष्टी असते आणि रान ओसाड. "मी पण तुझ्या मामीला बघायला गेलो तवा डाळिंब खाल्लं, तवापासून अडकलो," मामा म्हणाले. सटाणा म्हणजे डाळिंबाचाच मुलूख. मामींनी मान वर न करता उत्तर दिलं, "मंग थुकी टाकानं व्हतं!"

निवृत्त झाल्यावर मामा आमच्या वाचनालयात गेले आणि विचारलं, रविवारी सकाळी वरचं सभागृह रिकामंच असतं, मी लोकांना ग्रीकांबद्दल सांगू का? तेव्हाच्या ग्रंथपालांना वाटलं, हा माणूस फार तर चार रविवार टिकेल. तो सोळा वर्षं टिकला. खालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'ग्रीकांचा रविवार, सकाळी नऊ'. सुरुवातीला तर खुर्च्या कमी पडायच्या. कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, गृहिणी... लासलगावचे एक कांदा व्यापारी रविवारी लिलाव बंद असतात म्हणून न चुकता यायचे, सगळे त्यांना नुसतं शेठ म्हणत. मामांनी एकदा सगळ्यांना पांडवलेण्यांवर नेलं. तिथलं एक लेणं उत्तरेकडून आलेल्या एका यवनानं आपल्या आईवडिलांसाठी कोरवून घेतलंय, तसं तिथल्या शिलालेखातच आहे. त्या काळी ग्रीकांना आपल्याकडे यवन म्हणत. मामा त्या अक्षरांपुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आला, आन् आईबापाची आठवण आपल्या नाशकात ठेवून गेला." त्या दिवसापासून शेठनी त्यांना यवनमामा म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव सगळ्या गावात झालं.

मामांना ग्रीकांचं कौतुक होतं, पण आंधळं नव्हतं. एकदा एका बाईंनी विचारलं, त्यांच्या लोकशाहीत बायकांना मत होतं का? "नव्हतं," मामा म्हणाले. "गुलामांनाही नव्हतं. चौकात मोठमोठी भाषणं चालायची तवा बाया घराच्या मागच्या खोलीत सूत कातत बसायच्या. ज्याचं कवतिक करायचं त्याच्या मागच्या खोलीत पण डोकावून बघायचं." त्या दिवशी मामी कधी नव्हे त्या आल्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "अन् आपल्या?" सगळं सभागृह हसलं. पुढच्या रविवारपासून घरचा सकाळचा चहा मामा करायला लागले, तो शेवटपर्यंत.

ग्रीकांची एक रीत मात्र त्यांनी पुरती उचलली होती. दारात अनोळखी माणूस आला तर आधी खाऊपिऊ घालायचं, नावगाव नंतर विचारायचं. पिंपळगावचा एक टेम्पोवाला असाच एकदा त्यांच्या दारात आला. मामांनी त्याला बसवलं. पाणी, पिठलं-भाकरी, वर दही. जेवण झाल्यावर विचारलं, "कोण पाव्हणं? कुठून आलात?" तो बिचारा संकोचून म्हणाला, "काका, काकड वकिलांकडं द्राक्षाच्या पेट्या द्यायच्यात. तुम्हीच ना ते?" "नाय," मामा म्हणाले, "ते पुढच्या गल्लीत. पण जेवलात ते लय बरं झालं."

आणि एक रविवार खापऱ्यांचा. पिशवी भरून फुटक्या माठांच्या खापऱ्या त्यांनी कुंभारवाड्यातून आणल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात एक खापरी आणि एक खिळा दिला. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारत, गावाला कुणी जड झालंय का? लोक हो म्हणाले तर पुढे एक दिवस ठरायचा. ज्याला घालवायचं त्याचं नाव खापरीवर कोरून टाकायचं. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. त्याचं घर तसंच, शेत तसंच, दहा वर्षांनी त्यानं खुशाल परत यावं. "पण आरोप काय?" शेठनी विचारलं. "आरोप नाय." "मग त्याला बाजू मांडता येते का?" "आरोपच नाय तर बाजू कशाची मांडणार? तेच तर अवघड हाय ना शेठ. तोंडावर कुणी काय बोलत नाय. नुसती खापरी टाकतंय." मग गंमत म्हणून आम्हीही कोरलं. मी 'पंखा' असं कोरलं, कारण सभागृहातला पंखा फार खडखड करायचा. सगळ्यांत जास्त मामाच हसले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली. ती संपल्यावर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आले, पुढे चिटणीस झाले. मामांना त्याचा कोण आनंद. पण तोवर रविवार ओसरला होता. सात-आठ माणसं यायची. मामा पंचाहत्तरीला आले होते, सांगता सांगता भरकटायचे. एका रविवारी त्यांनी देमेतरची गोष्ट सांगितली, मध्ये चहा झाला, आणि चहानंतर परत तीच सुरू केली. मागं बसलेल्या दोन मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबून हसल्या. मला तेव्हा मामांची दया आली असती तर ठीक होतं. मला त्यांची लाज वाटली. खरं तेच आहे.

दुसरीकडे खालच्या अभ्यासिकेत जागा पुरत नव्हती. स्पर्धा परीक्षांची मुलं खेड्यापाड्यांतून येऊन खोल्या करून राहायची, एका खोलीत पाच-पाच जण, अभ्यासाला जागा म्हणजे आमचं वाचनालय. एक मुलगी जिन्याच्या वळणावर भिंतीला पाठ टेकवून गणितं सोडवत बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय आखडून वाट द्यायची. रविवारी वर सात माणसं आणि जिन्यात वीस. तेव्हा वरचं सभागृह कायमचं अभ्यासिकेला द्यावं असा ठराव कार्यकारिणीत आला, आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

आम्ही नऊ जण होतो. मतं चिठ्ठीवर द्यायची ठरली, 'हो' किंवा 'नाही'. त्याआधी अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझं नातं आहे, मी बोलणं बरं दिसायचं नाही." किती सभ्य वाक्य! त्याच क्षणी माझ्या मनात आलं होतं की बुधवारी दुपारी खालचं मासिकांचं दालन रिकामं असतं, मामांना ते देता येईल. एवढंच बोलायचं होतं. एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. पण दीड वाजत आला होता, सगळ्यांना भूक लागली होती, आणि त्या दोन मुलींचे दाबलेले ओठ मला आठवत होते. वाटलं, संपू दे एकदाचं, त्यांचंही हसं व्हायला नको. मी चिठ्ठीवर 'हो' लिहिलं आणि घडी घालून डब्यात टाकली. पाच हो, चार नाही. माझी चिठ्ठी तिकडे पडली असती तर ठराव पडला असता. बाहेर पडताना एका सदस्यांनी माझा हात दाबून म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तुमच्याकडून केलंत." मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्याच संध्याकाळी मखमलाबादला गेले. मामा पडवीत गुलाब निवडत बसले होते, लांब दांड्यांचे एकीकडे, आखूड दुसरीकडे. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "पाच-चार. सभागृह मुलांना दिलं." "पाच कोण?" "चिठ्ठ्या होत्या मामा. गुप्त." ते हसले, "म्हंजे खापऱ्याच." मग हातातल्या फुलाकडे बघत, "तू?"

"मी तुमच्या बाजूनं दिलं ना मामा."

इतकं सहज आलं ते. मामांनी फूल खाली ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला गुलाबाच्या पानांचा ओला वास येत होता. म्हणाले, "मंग बास. पोरांना जागा पायजेच होती, त्यांचं काय चुकलं नाय. आपलं माणूस आपल्याकडं होतं, बास."

पुढं ते हेच सांगत राहिले. लग्नात, दवाखान्यात, फुलबाजारात, कुणीही भेटलं की, "ही माझी नंदा. सगळे एकीकडं, ही एकटी माझ्याकडं." चार मतांचं त्यांच्या सांगण्यात एक झालं होतं. खरोखर ज्या चौघांनी त्यांच्या बाजूनं दिलं, ते पुसले गेले आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले. सुरुवातीला मी म्हणायचे, "जाऊ द्या ना मामा." त्यांना तो माझा विनय वाटायचा.

ज्याला फसवलंय त्याच्यासमोर बसवत नाही. मी जाणं कमी केलं. मामांनी आपला रविवार घरच्या पडवीत सुरू केला होता, फुलांच्या पाट्या बाजूला सारून. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "नंदे, उद्या येतेस ना?" मी म्हणायचे, पाहुणे आहेत. म्हणायचे, सभा आहे. गुडघा दुखतोय. ते म्हणायचे, "असू दे, पुढच्या रविवारी ये." पाच वर्षं! एकदाही त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. दिवाळीला जायचे ती उभ्या उभ्या. चहा नको म्हणायचे, कारण चहा म्हणजे बसणं आलं. शेठ स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत यायचे, मग तेही थांबले. मग पडवीत ऐकायला मामी एकट्या राहिल्या.

मामांची शोकसभा आम्ही त्याच सभागृहात घेतली. मुलांनी आपली टेबलं भिंतीला सारून दिली. फोटोला घरच्याच गुलाबांचा हार होता. शेठ काठी टेकत आले होते. बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "यवनमामा मला एकदा म्हणाले होते, शेठ, सभागृह गेलं त्याचं मला काही नाही, माझी भाची माझ्यासाठी उभी राहिली. ती भाची इथं बसलेली आहे." माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. मी हात जोडले. त्यांचा मान स्वीकारल्यासारखे हात जोडले मी... त्या गर्दीत त्या चौघांपैकी कुणी ना कुणी बसलेलं असणार. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत.

चार दिवसांनी मामींकडे गेले. त्या पडवीत शेवंती निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, 'हो', ती संध्याकाळ, सगळं. मामींचे हात चालूच होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांनी तोंडावर विचारलं, तवा तू खोटं बोललीस?"

"हो."

"ते बरं केलंस." मला हलकं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण आते माले कसाले सांगस?"

मला कशाला सांगतेस... मी म्हटलं, "मला सहन होत नव्हतं मामी."

"तुला सहन होईना म्हणून मला दिऊन टाकलंस." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्या नुसतं काय झालं ते सांगत होत्या. "ते गेले तवापासून लोक येतात. म्हणतात, दादांच्या मागं त्यांची भाची उभी राहिली होती. मला बरं वाटायचं. मी तेच धरून होते गं. आता काय धरू?"

मामांना खोटं सांगितलं तेव्हा माझी सोय पाहिली, आणि मामींना खरं सांगितलं तेव्हाही माझीच. मग त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता आपण निघावं. पण आतून स्टोव्हचा आवाज आला. त्यांनी चहा आणून पुढं ठेवला आणि पाच वर्षांनी मी त्या पडवीत बसून चहा प्यायले.

कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "डोळ्यांचं माहीत व्हतं का तुले?"

"कुणाच्या?"

दोन वर्षं झाली होती. मामांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही, असं मामी म्हणाल्या. वाचणं तर बंदच झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, याला आता उपाय नाही. मामांनी घरच्यांना बजावलं होतं, नंदेला सांगू नका, कामं टाकून पळत येईल. मी दिवाळीला उभ्या उभ्या जाऊन आले तेव्हा ते माझ्या खांद्याकडे बघत बोलत होते, ते मला आता आठवतं. मला वाटलं होतं, त्यांना कळलंय आणि ते नजर चुकवताहेत. केवढा विचार केला मी, आणि केवढा स्वतःचाच!

मामींनी आतून एक जाड वही आणली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी मामा तिच्यात लिहीत होते. सुरुवातीची काही पानं त्यांच्या नकाशावरच्या अक्षरांत, छापल्यासारखी. मग ओळी तिरप्या व्हायला लागतात, मग एकमेकींना भिडतात, मग एकीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. काही पानं तर नुसता निळा गुंता आहे. ट्रेसर होते माझे मामा. रेघेवर रेघ बिनचूक बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली.

"मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायचे," मामी म्हणाल्या. "मले काही काही याद शे."

म्हणून आता मी दर रविवारी सकाळी जाते. कबुली दिली म्हणून आमच्यातलं सगळं धुऊन निघालंय असं नाही. काही रविवारी मामी माझ्याशी फार बोलत नाहीत. मी भिंग घेऊन बसते, सुटेल तो शब्द मोठ्यानं वाचते, त्यावरून मामींना पुढचं आठवतं, आणि मी ते दुसऱ्या वहीत उतरवते. तीन रविवारांत गुंत्यातलं एक पान लागलं. चुलीच्या देवीबद्दल आहे ते, तिचं नाव हेस्तिया. मामांनी लिहिलंय, हिच्या गोष्टी फारशा नाहीत, कारण ही घर सोडून कुठे गेलीच नाही. पण यज्ञात पहिला वाटा हिचा आणि शेवटचाही हिचाच. मी वाचून दाखवलं. मामी म्हणाल्या, "हाई त्यांनी मोठ्यानं नव्हतं म्हटलं." आणि पदरानं चष्मा पुसला.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना पूर्ण वाचून दाखवला. 'पाच हो, चार नाही' ते वाक्य गाळू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गाळू. त्या चौघांले तरी कळू दे."

वहीच्या पानापानावर समासात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. समासात दुसरी ओळ नसल्यामुळे ते स्वच्छ लागतात : 'नंदेला विचारणे'. त्यापुढचा प्रश्न मात्र दर वेळी ओळींच्या गुंत्यात शिरतो आणि नाहीसा होतो. काय विचारायचं असेल त्यांना? माझ्या चिठ्ठीबद्दलच विचारायचं असेल, या भीतीनं मी ती पानं पालटायचे. गेल्या रविवारी त्यातला एक प्रश्न पहिल्यांदा पूर्ण लागला. मी तो मोठ्यानं वाचला. "नंदेला विचारणे : आपल्या वाचनालयात मोठ्या अक्षरांचा शब्दकोश आहे का?"

मामी माझ्याकडे बघत होत्या. "शे का?"

"आहे मामी. खालच्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या कपाटात. वरच्या फळीवर. कुणी नेतही नाही."

"मंग तो घर लई ये," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या मी तो शब्दकोश काढला. वरची धूळ पुसली. मामांचं जुनं कार्ड कपाटात होतंच, त्याच्यावर नोंद केली. चिटणीस म्हणून सही केली. परतीच्या तारखेची जागा कोरी ठेवली.